मुंबईची वक्ररेषा आणि शिवथरची वाडी

साथीच्या रोगांचे गणित शिकवणारे पाठ्यपुस्तक उघडले, तर पहिल्या काही प्रकरणांतच एक आलेख भेटण्याची दाट शक्यता असते. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर दर आठवड्याचे मृत्यू. ठिपके प्रथम रांगतात, मग भराभर चढतात, शिखरावर क्षणभर टेकून तितक्याच वेगाने उतरतात. त्यांच्यामधून एक घंटाकृती रेषा अशी काही गेलेली असते, की ठिपके जणू तिच्याच आज्ञेत वागत होते. आलेखाखाली लिहिलेले असते : मुंबई बेटातील प्लेगचे मृत्यू, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६.

एडिंबरोच्या दोन संशोधकांनी, केरमॅक आणि मॅककेंड्रिक यांनी, १९२७ साली रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात हा आलेख छापला. आज ज्याला साथीच्या प्रतिमानांचा पाया मानतात तो हाच निबंध. लोकसंख्येचे तीन गट करावयाचे : ज्यांना अद्याप बाधा झालेली नाही ते, ज्यांना झाली आहे ते, आणि जे बरे होऊन किंवा मरून हिशेबातून गेले ते. पहिल्या गटातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात माणसे कोणत्या दराने सरकतात, हे समीकरणांत मांडायचे. २०२० साली वृत्तपत्रांतून ज्या ज्या भाकितांची चर्चा झाली, त्यांतील पुष्कळांचे कूळ या तीन कप्प्यांशी जाऊन पोचते.

मुंबईच्या रेषेचे सूत्र तीन आकड्यांत मावते : ८९०, ०.२ आणि ३.४. त्यातून वाचकास घरबसल्या हिशेब करता येतो. शिखर सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिल १९०६ च्या मध्यास. तेथे आठवड्याला ८९० मृत्यू. रेषेखालचे सारे क्षेत्रफळ मोजले, तर एकूण मृत्यू सुमारे ८,९००. नऊ-दहा लाख वस्तीच्या शहरातील एका हंगामाचे मरण तीन संख्यांत बसवता आले, याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

आम्हाला मात्र या आलेखातील एक शब्द प्रथमपासून खटकत आला आहे. तो शब्द 'बेट'. समीकरणाला बंदिस्त लोकसंख्या लागते. कोणी आत येऊ नये, कोणी बाहेर जाऊ नये. मुंबई भूगोलाने बेट असेल, पण माणसांच्या दृष्टीने ती कधीच बेट नव्हती. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, आणि पुढच्या चार-पाच महिन्यांत जवळजवळ निम्मे शहर गावी पळाले. १८९१ च्या जनगणनेत ८,२१,७६४ असलेली वस्ती १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. १९०६ पर्यंत ती पळापळ राहिली नव्हती. लोकांना प्लेग सवयीचा झाला होता. तरी गिरण्यांत आणि गोदीत राबणारा कोकणातला गडी शिमग्याला गावी जाणारच. १९०६ च्या फाल्गुनातील पौर्णिमा १० मार्चच्या सुमारास होती. आलेखात तो बारावा आठवडा. सूत्रात बारा हा आकडा घालून पाहिला, तर त्या आठवड्याला सुमारे ३७५ मृत्यू येतात; शिखर अजून पाच आठवडे दूर आहे. म्हणजे रेषा भराभर चढत असताना बेटावरची माणसे होळीला घरी निघाली होती.

ती कुठे गेली? सर्वांत मोठा वाटा रत्नागिरी जिल्ह्याचा, पण कुलाब्याचाही, म्हणजे आजच्या रायगडचाही, लहान नव्हता. बोटीने बाणकोटच्या खाडीत, सावित्रीतून वर दासगाव किंवा महाडला, आणि तेथून पायी. महाडहून पूर्वेस वरंध घाटाच्या अंगाने गेले, की सह्याद्रीच्या पोटाशी शिवथर लागते. वाचकांना शिवथर ठाऊक असते ते घळीमुळे. समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला असे परंपरा मानते ती ही घळ. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली ती पुन्हा शोधून काढली. पण शिवथर हे एक गाव नव्हे. कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर अशी नावे आहेत, आणि त्यांतही वस्ती एकजिनसी नाही. चार घरे येथे, दहा घरे ओढ्यापलीकडे, आणखी काही डोंगराच्या सोंडेवर. पावसाळ्यात या वाड्यांमधले अंतर कोसांत मोजण्यात अर्थ नसतो. प्लेगची बाधा झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण दोन ते सहा दिवस जातात. मुंबईत पिसू चावलेला माणूस धडधाकट चालत शिवथरपर्यंत येऊन तिथे अंथरूण धरू शकत होता. तो वाडीत मेला, तर एडिंबरोच्या आलेखात त्याचा ठिपका नाही. बेटावरचे आकडे जितके नीटस, तितकी ही गळती अदृश्य.

येथे त्या दोघा संशोधकांवर अन्याय होऊ नये. विल्यम केरमॅक हा रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेतील स्फोटात वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्याची दृष्टी गेली. त्यानंतरचे सारे गणित त्याने डोक्यात केले. अँडरसन मॅककेंड्रिक वयाने वडील, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर. डासांमुळे हिवताप होतो हे सिकंदराबादेस सिद्ध करणाऱ्या रोनाल्ड रॉसबरोबर तो १९०१ साली सिएरा लिओनला गेला होता. पुढे हिंदुस्थानात कसौलीच्या पाश्चर संस्थेचा प्रमुख झाला, आणि आजारपणामुळे १९२० मध्ये मायदेशी परतला. हिंदुस्थानातले मरण त्याने टेबलावरून पाहिलेले नव्हते. म्हणूनच मुंबईच्या आलेखाखाली या दोघांनी जे लिहिले ते आजही वाचण्यासारखे आहे. माणसातील प्लेग हे उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब आहे, असे आम्ही धरतो आहोत. प्रत्येक उंदराला बाधा होण्याची संधी सारखीच होती, पिसवा इतक्या होत्या की रोग जणू स्पर्शानेच पसरत होता, प्रत्येक उंदराच्या आजारपणात रोगाचे दर बदलले नाहीत, असेही धरतो आहोत. आणि यांतील एकही गोष्ट काटेकोरपणे खरी नाही, अशी कबुली त्यांनी तिथेच दिली आहे. हे फार ढोबळ साम्य आहे, यातून स्थिरांकांच्या प्रत्यक्ष किमती काढू नयेत, असेही बजावले आहे. पुढे आलेखाच्या नकला झाल्या. कबुली मात्र अनेकांनी गाळली.

त्यांनी ज्याची भीती बाळगली ते खरेच होते. प्रतिमानाच्या मते साथ ओसरते, कारण बाधा होण्याजोगे जीव संपत येतात. मुंबईत तसे झाले असते, तर १९०७ मध्ये प्लेगला काही काम उरले नसते. पण प्लेग १९०७ मध्येही आला, आणि नंतरही येत राहिला; १९०७ साली तर साऱ्या हिंदुस्थानात त्याने दहा लाखांहून अधिक माणसे नेली. तो हिवाळ्याच्या अखेरीस चढे आणि उन्हाळा तापला की उतरे. फ्रेंच गणिती निकोला बाकाएर याने २०१२ साली हे आकडे पुन्हा तपासले, आणि ऋतूचा परिणाम हिशेबात धरल्यावाचून त्यांचा अर्थ लागत नाही, असे दाखवून दिले. रेषा जुळली होती, पण चुकीच्या कारणाने. झालेल्या गोष्टीला रेषा बसवणे आणि होणाऱ्या गोष्टीचा अंदाज करणे, या दोहोंत किती अंतर आहे हे याहून स्वच्छ दाखवणारे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

आता मॅककेंड्रिकच्या दुसऱ्या, कमी प्रसिद्ध निबंधाकडे वळतो. तो १९२६ चा, म्हणजे मुंबईच्या आलेखाच्या एकच वर्ष आधीचा. त्यात एका हिंदी खेड्यातील पटकीच्या साथीचा तक्ता आहे. घरे २२३. त्यांपैकी १६८ घरांत एकही रुग्ण नाही, ३२ घरांत एक, १६ घरांत दोन, ६ घरांत तीन, आणि एका घरात चार. तक्ता एवढाच. सर्वसाधारण वैद्याने यावरून म्हटले असते की ५५ घरांत साथ शिरली, बाकीची वाचली. मॅककेंड्रिकने निराळा प्रश्न विचारला. रोगाची झळ पोचूनही केवळ दैवयोगाने ज्यांत कोणी आजारी पडले नाही, अशी घरे किती, आणि जिथे झळच पोचली नव्हती अशी किती? दोन्ही प्रकारच्या घरांपुढे तक्त्यात शून्यच लिहिलेले असते. पण दोन्ही शून्ये एक नव्हेत.

ती वेगळी करण्याची त्याची युक्ती अतिशय साधी आहे. यदृच्छेने घडणाऱ्या विरळ घटना प्वासाँच्या नियमाने विखुरतात. मग एक, दोन, तीन, चार रुग्णांच्या घरांचे प्रमाण पाहून त्या नियमाशी जुळणारे शून्य किती असायला हवे, हे उलट काढता येते. रुग्णांची एकूण संख्या ८६. प्रत्येक घरातील रुग्णसंख्येचा वर्ग करून बेरीज घेतली तर १६६. छ्याऐंशीच्या वर्गाला या दोहोंच्या फरकाने, म्हणजे ८० ने, भागले की साडेब्याण्णवच्या आसपास उत्तर येते. मॅककेंड्रिकने ९३ धरले. म्हणजे रोगाची झळ पोचलेली घरे सुमारे ९३. त्यांपैकी ५५ दिसली, ३८ सुदैवाने कोरी राहिली. उरलेल्या १३० घरांना झळच नव्हती. यावरून त्याने अनुमान काढले, की रोग पाण्यातून आला असावा, गावात विहिरी अनेक असाव्यात, आणि या ९३ घरांचे पाणी एका दूषित विहिरीचे असावे. ज्यांची नोंदच होऊ शकत नाही त्यांचा अंदाज, नोंद झालेल्यांच्या विखुरण्यावरून करण्याची ही रीत; संख्याशास्त्रात पुढे तिचा मोठा विस्तार झाला.

गावात विहिरी निरनिराळ्या का असतात, हे महाडच्या वाचकाला सांगावे लागत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले, त्याचा प्रश्न नेमका हाच होता : कोणत्या घराने कोणते पाणी प्यावे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एडिंबरोचा निबंध छापून आला, आणि त्यातील गृहीतकानुसार साऱ्या लोकसंख्येत कोणाचीही कोणाशीही गाठ पडण्याची शक्यता सारखीच होती. डिसेंबरात डॉ. आंबेडकर दुसऱ्या परिषदेसाठी मुंबईहून बोटीने दासगावला उतरले, तेव्हा ते ज्या वाटेने आले ती चाकरमान्यांचीच वाट होती. तिच्या टोकाला असलेल्या कोणत्याही गावात ते गृहीतक एक दिवसही टिकले नसते. हा योगायोग आहे, आम्ही त्यातून अधिक काही काढू इच्छीत नाही. पण १९२६ चा मॅककेंड्रिक महाडला जितका जवळचा आहे, तितका १९२७ चा नाही. आणि इतिहासाने लक्षात ठेवला तो १९२७ चा.

लहान वस्तीत गणिताचे स्वरूपच पालटते. समजा, एक रुग्ण सरासरी दोघांना बाधा देतो. लाखांच्या शहरात यावरून घंटाकृती रेषा निघेल. पण एका वाडीत एकच रुग्ण आला, तर? सरासरी दोन म्हणजे प्रत्येकाकडून दोन नव्हे. कोणी चौघांना देईल, कोणी एकालाही न देता बरा होईल किंवा मरेल. १९५० च्या दशकात बार्टलेट, केंडल, व्हिटल यांनी या यदृच्छेचे गणित सविस्तर मांडले. बीज पुन्हा मॅककेंड्रिकच्या १९२६ च्या निबंधातच होते. त्याच्या सर्वांत साध्या रूपात उत्तर असे येते, की साथ पेट घेण्याआधीच विझण्याची शक्यता एक भागिले दोन. नाणे उडवावे तसे. शिवथरच्या परिसरातील दहा वाड्यांत एकेक रुग्ण उतरला, तर सुमारे पाच वाड्यांत काहीच घडणार नाही, आणि पाचांत घरेच्या घरे झोपतील. दहांची सरासरी काढली तर 'मध्यम' साथ येते. ती मध्यम साथ एकाही वाडीने पाहिलेली नसते. वाचलेल्या वाडीने हे देवीच्या कृपेवर घातले, तर गणिताला त्यावर हसण्याचे कारण नाही. गणितालाही त्याहून नेमके कारण देता येत नाही. ते फक्त शक्यता सांगू शकते.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाने या अनिश्चिततेत दुसरी भर घातली, ती मोजणीची. जूनमध्ये मुंबईत आलेला आजार सप्टेंबरात पालटून उलटला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. पाऊसही त्या वर्षी दगा देऊन गेला होता. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे गेली. खेड्यांतल्या नोंदी गावकामगारांकडे, आणि नोंद करणाराच अंथरुणाला खिळला तर वही कोरी. जी नोंद झाली तीही बहुधा 'ताप' या खान्यात, कारण नव्या रोगाला खाना नव्हता. परिणाम असा, की हिंदुस्थानातील बळींचा पहिला सरकारी अंदाज साठ लाखांच्या घरात होता, १९२१ च्या जनगणनेने तो सव्वा कोटीच्या आसपास नेला, किंग्जले डेव्हिसने १९५१ साली एक कोटी ऐंशी लाखांच्या वर, मिल्सने १९८६ साली एक कोटी सत्तर-ऐंशी लाखांवर, आणि २०१२ सालच्या एका अभ्यासाने पुन्हा एक कोटी एकोणचाळीस लाखांवर आणला. शंभर वर्षे झाली, मेलेली माणसे तीच आहेत, आणि आकडा अजून हलतो आहे. जनगणनांच्या तुलनेवरून अंदाज करताना 'साथ आली नसती तर लोकसंख्या किती वाढली असती' हे आधी ठरवावे लागते. त्या एका गृहीतकात थोडा फेर केला, की लाखांनी माणसे मरतात किंवा जगतात.

भविष्याचे भाकीत चुकते हे आपण समजू शकतो. भूतकाळही निश्चित नसतो, हे पचवणे जड जाते. आमच्या मते साथीच्या गणितातील खरी अनिश्चितता येथे आहे. समीकरणाला आपण जे आकडे चारतो, तेच मुळात अंदाज असतात.

कोविडच्या काळात हे सारे आपल्यासमोर पुन्हा घडले. एप्रिल-मे २०२० मध्ये मुंबईचे चाकरमानी पुन्हा कोकणाच्या वाटेला लागले. या वेळी बोट नव्हती, आणि गावोगावच्या शाळांतून विलगीकरण होते. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारच्या विज्ञान विभागाने नेमलेल्या 'सुपरमॉडेल' समितीने सांगितले, की शिखर सप्टेंबरात होऊन गेले आहे आणि खबरदारी पाळली तर फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ अगदी क्षीण होईल. त्याच फेब्रुवारीत अमरावतीकडून दुसरी लाट उठली, आणि मे महिन्याच्या प्रारंभी देशात दिवसाला चार लाखांहून अधिक रुग्ण सापडू लागले. समितीच्या विधानातील 'जर' वृत्तपत्रांच्या मथळ्यांत उतरला नव्हता. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजने मार्च २०२० मध्ये ब्रिटनसाठी सांगितलेल्या पाच लाख मृत्यूंचेही तसेच झाले. काहीही केले नाही तर, ही अट आकड्यासोबत होती, पण प्रवासात ती मागे पडली. प्रतिमानकारांना दोष देताना हे ध्यानात घ्यावे. मात्र सारा दोष वृत्तपत्रांच्या माथी मारणेही बरोबर नाही. एकच ठळक रेषा काढून देणाऱ्याला ठाऊक असते, की लोक रेषाच पाहणार आहेत.

मग मोजणी. २०२१ च्या अखेरीस भारतातील अधिकृत कोविड मृत्यू ४ लाख ८१ हजार होते. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतील जादा मृत्यू ४७ लाख असल्याचा अंदाज दिला, आणि त्यासोबत मर्यादाही दिल्या : ३३ लाख ते ६५ लाख. भारत सरकारने हे प्रतिमानच अमान्य केले. नागरी नोंदणीचे २०२१ चे आकडे मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले; २०२० च्या ८१ लाख मृत्यूंच्या जागी २०२१ मध्ये एक कोटी दोन लाख नोंदले गेले होते. या वाढीत नोंदणी सुधारल्याचाही काही भाग असेल. तो किती, हे पुन्हा प्रतिमानच सांगणार.

हा वाद केवळ विद्वानांचा आहे असे कोणास वाटले तर सानुग्रह मदतीचे उदाहरण पाहावे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोविडने मृत झालेल्यांच्या वारसांना पन्नास हजार रुपये द्यावयाचे ठरले. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रात अधिकृत मृत्यू सुमारे १ लाख ४१ हजार होते, आणि अर्ज आले होते २ लाख १३ हजारांहून अधिक. या दोन आकड्यांमधल्या बहात्तर हजार अर्जांत काही खोटे असतील, काही दुबार असतील. पण त्यांत मॅककेंड्रिकची ती अडतीस घरेही आहेत, फरक इतकाच की ही स्वतः कागद घेऊन दारात आली. ज्यांना अर्जाची वाटच सापडली नाही, त्यांचे शून्य तसेच राहिले.

दुसऱ्या लाटेचे शिखर ओसरून अडीच महिने झाले होते तेव्हा, २२ जुलै २०२१ रोजी, महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. काही दिवसांनी शोधकार्य थांबवले गेले आणि जे सापडले नाहीत त्यांना मृत घोषित करण्यात आले. तिथे कोणाला प्रतिमान लागले नाही. कोणत्या घरात कोण होते हे शेजाऱ्यांना ठाऊक होते आणि यादी नावांनी झाली. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत तापाने गेलेल्यांचा देशाचा हिशेब अजून ३३ लाख आणि ६५ लाख यांच्या मध्ये कुठेतरी आहे.